माशाच्या पिलाचा पहिला घास

रोहू जातीची एक चांगली वाढलेली मादी एका हंगामात लक्षावधी अंडी घालते. या साऱ्या अंड्यांतून निघालेले प्रत्येक पिलू मोठे झाले असते, तर आपल्या नद्या आणि तळी माशांनी तुडुंब भरली असती. पण तसे होत नाही. निसर्गात हजारो पिलांतून एखादेच मोठे होते. बाकीची कोठे जातात? काहींना इतर प्राणी खातात, काही प्रवाहाबरोबर भलतीकडे वाहून जातात आणि पुष्कळशी केवळ उपाशी राहिल्याने मरतात. मत्स्यबीज केंद्राच्या टाकीत शत्रू नसतात आणि प्रवाहही नसतो. तेथे भुकेचा प्रश्न मात्र उरतोच. तो सोडवण्यासाठी माशांच्या जोडीने आणखी काही अगदी लहान प्राणी वाढवावे लागतात. त्यांना 'जिवंत खाद्य' असे म्हणतात. हे खाद्य वाढवणे म्हणजे मुख्यतः पाणी सांभाळणे होय. ते कसे, हे आपण या लेखात पाहू.

तीन दिवसांची शिदोरी

जिताडा हा मासा रायगड जिल्ह्यातील वाचकांच्या चांगल्या ओळखीचा असेल. तेथील शेतकरी खाडीत मिळणारी त्याची पिले गावतळ्यांत सोडून वाढवीत आले आहेत. या माशाचे बंदिस्त जागेत प्रजनन घडवून आणण्यात भारतात १९९७ साली यश आले. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने हे काम केले.

जिताड्याचे पिलू अंड्यातून बाहेर येते तेव्हा सुमारे दीड मिलिमीटर लांब असते, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या चौथ्या हिश्शाएवढे! त्याचे तोंड अजून उघडलेले नसते. पोटाशी पीतकाची पिशवी असते, तीच त्याची शिदोरी. या शिदोरीवर दोन-तीन दिवस भागते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तोंड उघडते आणि त्याच वेळी शिदोरी संपत आलेली असते. आता पिलाला बाहेरचे अन्न मिळालेच पाहिजे. ते वेळेवर मिळाले नाही, तर पिलू इतके अशक्त होते की, मागाहून भोवती कितीही अन्न असले तरी त्याला ते पकडता येत नाही.

तुम्ही म्हणाल, "मग बारीक दळलेले पीठ टाकावे की!" तसे करून चालत नाही. याची तीन कारणे आहेत. पहिले, पिलाच्या तोंडाचा आ जेमतेम पाव मिलिमीटर असतो. दुसरे, पिलू नजरेने शिकार करते. जे हलते त्यावरच ते झडप घालते आणि निश्चल कणाकडे बहुधा दुर्लक्ष करते. तिसरे, त्याच्या पोटाची वाढ अपुरी असते, त्यामुळे कोरडे पीठ त्याला नीट पचत नाही. शिवाय न खाल्लेले पीठ तळाशी बसून कुजते आणि पाणी नासते. म्हणून अन्न लहान, हलणारे आणि पचायला सोपे असावे लागते. असे अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी.

तीन प्रकारचे घास

यांपैकी तीन प्राण्यांची ओळख करून घेऊ.

पहिला रोटिफर. त्याच्या डोक्यावर बारीक केसांचे वलय असते. ते फिरत्या चाकासारखे दिसते आणि त्याच्या साहाय्याने तो पोहतो व शैवलाचे कण तोंडाकडे ओढून घेतो. निमखाऱ्या पाण्यात वाढवला जाणारा ब्रॅकिओनस हा रोटिफर साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर लांब असतो. समुद्री माशांच्या पिलांचा पहिला घास बहुधा हाच.

दुसरा आर्टेमिया. हा मिठागरात आणि खाऱ्या सरोवरांत आढळणारा, कोळंबीचा दूरचा नातेवाईक. मुंबईच्या मिठागरांत, राजस्थानातील सांभर सरोवरात आणि तमिळनाडूतील तुतिकोरिनच्या मिठागरांत त्याची नोंद झालेली आहे. त्याचे नवजात पिलू सुमारे ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. माशाची पिले थोडी मोठी झाली की रोटिफरनंतर त्यांना हा घास देतात.

तिसरा मोइना. डबक्यात, तळ्यात उड्या मारत पोहणाऱ्या ज्या प्राण्यांना पाण्यातील पिसवा म्हणतात, त्यांतलाच हा एक. पूर्ण वाढलेला मोइना सुमारे एक मिलिमीटर असतो. कटला, रोहू, मृगळ यांसारख्या गोड्या पाण्यातील माशांच्या पिलांना तो फार उपयोगी पडतो.

रोटिफर खाद्य म्हणून कसा पुढे आला याची हकीकत मोठी गमतीची आहे. जपानमध्ये तळ्यांत ईल मासे पाळतात. १९५० ते १९६० च्या दशकांत तेथील काही तळ्यांत रोटिफरांची संख्या एकाएकी अतोनात वाढू लागली. ते तळ्यातील शैवल खाऊन टाकीत, हिरवे पाणी रंग बदली, पाण्यातील ऑक्सिजन घटे आणि ईल संकटात सापडत. त्यामुळे रोटिफर हा शत्रू ठरला. परंतु जो प्राणी इतक्या झपाट्याने वाढतो तो पिलांचे खाद्य म्हणून का वापरू नये, असा विचार तेथील शास्त्रज्ञांनी केला. आज जगभर समुद्री माशांच्या बीजकेंद्रांत रोटिफर वाढवतात. या हकीकतीतून एक गोष्ट लक्षात ठेवा. पाण्याची स्थिती अनुकूल झाली की हे प्राणी थोड्या दिवसांत तळे भरून टाकतात. ती बिघडली की तितक्याच लवकर नाहीसे होतात.

तापमान : पिढ्यांचे घड्याळ

रोटिफरची मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्या अंड्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. याला अनिषेकजनन म्हणतात. ही क्रिया किती वेगाने चालेल, हे मुख्यतः पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. ब्रॅकिओनसविषयीचे पुढील आकडे पाहा.

१५ अंश सेल्सिअस : अंड्याची वाढ १.३ दिवस, जन्मानंतर पहिले अंडे ३.० दिवसांनी, आयुष्य १५ दिवस, एकूण अंडी २३.
२० अंश सेल्सिअस : अंड्याची वाढ १.० दिवस, पहिले अंडे १.९ दिवसांनी, आयुष्य १० दिवस, एकूण अंडी २३.
२५ अंश सेल्सिअस : अंड्याची वाढ ०.६ दिवस, पहिले अंडे १.३ दिवसांनी, आयुष्य ७ दिवस, एकूण अंडी २०.

यातील गंमत तुमच्या ध्यानात आली का? ऊबदार पाण्यात रोटिफरचे आयुष्य निम्म्यावर येते, पण तिच्या अंड्यांची संख्या जवळजवळ तीच राहते. म्हणजे तेवढेच काम ती निम्म्या वेळात उरकते! अंड्यापासून पुढच्या पिढीच्या अंड्यापर्यंतचा काळ १५ अंशांना ४.३ दिवस, तर २५ अंशांना फक्त १.९ दिवस होतो. साडेआठ दिवसांत थंड पाण्यात दोन पिढ्या होतील, तर ऊबदार पाण्यात चार.

बीजकेंद्राच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते एका हिशेबाने पाहू. समजा, टाकीतील दर मिलिलिटर पाण्यात १० रोटिफर आहेत आणि त्यांची संख्या रोज दुप्पट होते. चार दिवसांनी ती १६० होईल. आता समजा, पाणी थंड राहिल्याने दुप्पट व्हायला दोन दिवस लागू लागले. मग चार दिवसांनी ती फक्त ४० होईल, म्हणजे गरजेच्या चौथा हिस्सा. इकडे माशाच्या पिलांचे तोंड ठरल्या दिवशी उघडलेले असेल. म्हणून अंडी उबण्याच्या आधीच रोटिफरची तयारी सुरू करावी लागते आणि टाकीत तापमापक ठेवून रोज नोंद करावी लागते.

मग पाणी हवे तेवढे गरम करावे काय? नाही. याचे उत्तर ऑक्सिजनच्या भागात मिळेल.

मीठ : किती आणि किती लवकर बदलले

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ब्रॅकिओनस हा मिठाच्या बाबतीत फार सोशिक आहे. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राच्या अडीचपट खाऱ्या पाण्यापर्यंत तो जगल्याच्या नोंदी आहेत. परंतु जगणे वेगळे आणि भराभर वाढणे वेगळे. समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी खारट पाण्यात त्याचे प्रजनन अधिक चांगले होते.

येथे एक अडचण उभी राहते. समजा, रोटिफर १५ ग्रॅम क्षारतेच्या पाण्यात वाढवले आणि माशाच्या पिलांची टाकी मात्र ३२ ग्रॅमची आहे. रोटिफर गाळून एकदम तिकडे टाकले तर काय होईल? पेशींतील पाणी परासरणाने बाहेर जाऊ लागेल, रोटिफरना धक्का बसेल आणि ते पोहायचे थांबून तळाशी जातील. माशाचे पिलू हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालते, हे आपण पाहिलेच आहे. तेव्हा टाकीत अन्न भरपूर, पण पिले उपाशी, असा प्रकार होतो. म्हणून क्षारता पायरीपायरीने वाढवतात. रोटिफरना नव्या पाण्याची सवय झाली की मगच ते पिलांना देतात.

आर्टेमियाच्या अंड्यांची गोष्ट याहूनही मनोरंजक आहे. परिस्थिती चांगली असली तर आर्टेमियाची मादी जिवंत पिलांना जन्म देते. पाणी फार खारट झाले किंवा ऑक्सिजन कमी पडला की ती जाड कवचाची सुप्त अंडी घालते. वाळवलेल्या स्थितीत ही अंडी वर्षानुवर्षे टिकतात. दिसायला ती तपकिरी भुकटीसारखी असतात. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम भुकटीतून दोन ते तीन लाख पिले निघतात. अमेरिकेत अल्विन सील यांनी १९३३ साली आणि नॉर्वेत गुनार रोलेफसेन यांनी १९३९ साली ही पिले माशांच्या पिलांना उपयोगी पडतात हे दाखवून दिले. तेव्हापासून हे डबाबंद जिवंत खाद्य जगभर गेले.

सुप्त अंडे पाण्यात टाकल्यावर ते पाणी शोषून एक-दोन तासांत गोल फुगते आणि आतील गर्भ जागा होतो. गर्भाजवळ ट्रेहॅलोज नावाची शर्करा साठवलेली असते. तिच्यापासून तो ग्लिसरॉल तयार करतो. ग्लिसरॉल पाणी ओढून घेते. ते कवचाखाली साठत जाते, बाहेरचे पाणी आत येत राहते, दाब वाढतो आणि अखेरीस कवच तडकते. म्हणजे कवच फोडण्याचे काम गर्भ परासरणाकडून करवून घेतो!

आता विचार करा. बाहेरचे पाणी अधिक खारट असेल तर ते आत ओढण्यासाठी ग्लिसरॉल जास्त लागेल की कमी? अर्थातच जास्त. त्यासाठी अधिक शर्करा खर्च होईल आणि अधिक वेळ लागेल. पाणी फारच खारट असेल तर पुष्कळ गर्भ कवच फोडूच शकणार नाहीत. जे बाहेर येतील त्यांच्या अंगात शक्ती कमी उरलेली असेल, आणि ती शक्ती म्हणजेच माशाच्या पिलाला मिळणारे पोषण. म्हणून मिठाच्या सरोवरातील या प्राण्याची अंडी उबवताना मात्र समुद्राएवढे किंवा त्याहून कमी खारट पाणी वापरतात. दर लिटरला १५ ते ३५ ग्रॅम मीठ, २५ ते २८ अंश तापमान, ८ ते ८.५ सामू, भरपूर हवा आणि आरंभी चांगला उजेड अशी व्यवस्था असली की १८ ते २४ तासांत नारिंगी रंगाची पिले पोहू लागतात.

येथे पुन्हा वेळेला महत्त्व येते. आर्टेमियाचे नवजात पिलू पहिले सुमारे आठ तास काहीही खात नाही. ते स्वतःच्या शिदोरीवर जगते. त्यानंतर ते कात टाकते, आकाराने मोठे व पोहण्यात चपळ होते आणि त्याच्यातील साठा घटलेला असतो. म्हणजे माशाच्या पिलाला घास पकडायला कठीण आणि पोषणाला हलका! म्हणून पिले निघताच ती काढून घेतात. लगेच द्यायची नसतील तर थंड पाण्यात ठेवतात, म्हणजे त्यांची शिदोरी लवकर संपत नाही.

गोड्या पाण्यात टाकलेली आर्टेमियाची पिले काही तासांत मरतात. म्हणून गोड्या पाण्यातील पिलांना ती द्यायची तर थोडी थोडी, लगेच खाल्ली जातील एवढीच द्यावीत.

ऑक्सिजन : मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो

आता गरम पाण्याचा प्रश्न घेऊ. गोड्या पाण्यात २० अंशांना दर लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना तो ७.६ मिलिग्रॅमच विरघळतो. समुद्राच्या पाण्यात ३० अंशांना तर सुमारे ६.२ मिलिग्रॅमच मावतो. उलट, तापमान वाढले की प्राण्यांचा श्वसनाचा वेग वाढतो. म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. त्यात टाकीत यीस्ट किंवा इतर खाद्य जास्त पडले, तर ते कुजवणारे जीवाणूही ऑक्सिजन वापरू लागतात. पहाटेपर्यंत सारी टाकी मरून पडते.

रोटिफर दर लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत कमी ऑक्सिजनमध्ये तग धरतात. आर्टेमियाची अंडी उबताना तो ५ मिलिग्रॅमच्या आसपास असलेला बरा. मोइना आणि आर्टेमिया यांच्याजवळ आणखी एक युक्ती आहे. ऑक्सिजन कमी झाला की ते हिमोग्लोबिन अधिक तयार करतात आणि त्यामुळे लालसर दिसू लागतात. तेव्हा बरणीतील फिकट मोइना तांबूस दिसू लागले, तर त्यांचा रंग छान झाला म्हणून आनंद मानू नका. पाण्यात हवा कमी असल्याची ती खूण असते. तळापासून हवेचे बुडबुडे सोडणे हा त्यावरचा उपाय. पण तेही बेताने सोडावेत, कारण जोराच्या खळबळाटाने नाजूक प्राण्यांना इजा होते.

सामू आणि अमोनिया : न दिसणारे विष

प्राण्यांच्या उत्सर्गातून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, हा फारसा घातक नाही. दुसरा अमोनिया वायू, हा विषारी. कोणते रूप किती असेल, हे सामू आणि तापमान यांवर ठरते. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की सुमारे ५ टक्के, आणि ९ झाला की सुमारे ३६ टक्के.

समजा, पाण्यात दर लिटरला एकूण ५ मिलिग्रॅम अमोनिया आहे. सामू ७ असताना विषारी भाग ०.०३ मिलिग्रॅम, ८ असताना ०.२७ मिलिग्रॅम आणि ९ असताना १.८ मिलिग्रॅम. रोटिफरना साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत धोका नसतो. म्हणजे पाण्यात नवे काहीही न पडता, केवळ सामू वाढल्याने निर्धोक पाणी विषारी बनले!

पण सामू आपोआप वाढतो कसा? उत्तर तुमच्या पुस्तकातच आहे. हिरव्या पाण्यातील शैवल दिवसा प्रकाशसंश्लेषण करते आणि पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरते. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्लधर्मी राहते. तो संपत आला की सामू चढतो. म्हणून दुपारी तीनच्या सुमारास सामू सर्वांत जास्त असतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालू राहते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू उतरतो. पण त्याच वेळी ऑक्सिजनही घटत जातो आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. एकाच टाकीला दुपारी अमोनियाचा धोका आणि पहाटे गुदमरण्याचा! दिवसातून एकदाच, सकाळी दहाला पाणी तपासणाऱ्याला यांपैकी एकही दिसणार नाही.

पाणी बिघडू लागले आहे हे टाकीतील प्राणीच आधी सांगतात. म्हणून बीजकेंद्रात रोज थोडे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन किती रोटिफर माद्यांच्या अंगाला अंडी आहेत, हे मोजतात. एकूण संख्या अजून तीच असली, पण अंडी असलेल्या माद्यांचे प्रमाण उतरू लागले, तर संकट जवळ आले असे समजावे. पोहण्याची गती मंदावणे, पाण्यावर फेस येणे आणि भलत्याच सूक्ष्म जीवांची गर्दी होणे याही धोक्याच्या सूचना आहेत.

तळ्यातला मळा

कटला, रोहू, मृगळ या माशांचे बीज पूर्वी नद्यांतून गोळा करावे लागे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी अंतःस्रावाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवले, आणि त्याची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळला जातो. अंड्यातून निघालेल्या या पिलांना आपल्याकडे मत्स्यजिरे म्हणतात. जिऱ्याएवढी असतात म्हणून मत्स्यजिरे! ती ज्या संगोपन तळ्यात सोडायची, तेथे आधी शेणखत घालतात. खतावर शैवल वाढते, शैवलावर प्रथम रोटिफर आणि मग मोइनासारखे प्राणी वाढतात. हा जणू पाण्यातला मळाच. त्याचा बहर आणि जिरे सोडण्याचा दिवस यांची गाठ पडली पाहिजे.

हा सारा हंगाम पावसाळ्याचा. आठवडाभर आभाळ झाकलेले राहिले की शैवलाला उजेड कमी मिळतो, ऑक्सिजन कमी तयार होतो, आणि खत मात्र कुजतच राहते. अशा वेळी अधिक खत घालणे म्हणजे तळ्याचा गळा आवळणे. आकाशाकडे पाहून खताचा हात आखडता घेणारा मत्स्यशेतकरी शास्त्रीय दृष्टीने अगदी योग्य तेच करीत असतो.

प्रतिकूल स्थितीत मोइना आणि रोटिफर नर जन्माला घालतात आणि मग टणक कवचाची सुप्त अंडी तयार होतात. चिखल सुकला तरी ती जगतात आणि पुन्हा पाणी आले की उबतात. उन्हाळ्यात कोरडे पडलेले तळे पावसानंतर काही दिवसांतच सजीव होते, त्यामागे हेही एक कारण आहे.

दूरच्या सरोवराचा प्रश्न

पाण्याच्या स्थितीचा परिणाम एका टाकीपुरताच नसतो. आर्टेमियाची पुष्कळशी अंडी अमेरिकेतील युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरातून गोळा होतात. १९५९ साली रेल्वेसाठी घातलेल्या भरावाने या सरोवराचे दोन भाग झाले. उत्तर भागात मोठ्या नद्या येत नाहीत. तो इतका खारट झाला की तेथे आर्टेमिया नीट वाढू शकत नाही. दक्षिण भागात नद्या येतात, म्हणून तेथे तो नांदतो. परंतु नद्यांचे पाणी वापरासाठी अडवले गेल्याने आणि अवर्षणामुळे सरोवर आटत गेले. २०२२ साली त्याची पातळी नोंदींतील सर्वांत खालच्या स्थितीला पोहोचली आणि दक्षिण भागही समुद्राच्या सुमारे पाचपट खारट झाला. आर्टेमियाला हेही पाणी सोसते, पण त्याची बरीचशी शक्ती शरीरातील क्षार बाहेर टाकण्यातच जाते. तेव्हा २०२३ साली भरावाच्या तोंडाशी असलेला बांध उंच करून उत्तरेचे खारे पाणी दक्षिणेत मिसळू नये अशी तजवीज करण्यात आली. एका सरोवराचे पाणी बिघडले, तर हजारो किलोमीटर दूरच्या बीजकेंद्रातील पिलांचा घास अडचणीत येतो, तो असा.

करून पाहा

आर्टेमियाची अंडी शोभिवंत मासे विकणाऱ्या दुकानात मिळतात. शाळेच्या प्रयोगशाळेत पुढील प्रयोग शिक्षकांच्या मदतीने करता येईल.

१) एक लिटरच्या चार सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. नळाचे पाणी रुंद भांड्यात एक दिवस उघडे ठेवा, म्हणजे त्यातील क्लोरीन बराचसा निघून जाईल.

२) प्रत्येक बाटलीत अर्धा लिटर पाणी होईल अशा बेताने चार द्रावणे करा. दर लिटरला ५, २०, ३५ आणि ७० ग्रॅम या प्रमाणात आयोडीन नसलेले जाडे मीठ विरघळवा. प्रत्येकात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका.

३) प्रत्येक बाटलीत पाव ग्रॅम अंडी टाका. मत्स्यालयाच्या हवापंपाने सर्वांत सारखी हवा सोडा. बाटल्या एकाच जागी, सारख्या उजेडात ठेवा. उन्हात ठेवू नका. तापमान लिहून ठेवा.

४) १८, २४, ३० आणि ३६ तासांनी हवा चालू असतानाच प्रत्येक बाटलीतील एक मिलिलिटर पाणी घेऊन भिंगाखाली पोहणारी पिले आणि न उबलेली अंडी मोजा. असे पाच वेळा करून सरासरी काढा.

५) वेळ आडव्या अक्षावर आणि उबण्याची टक्केवारी उभ्या अक्षावर घेऊन चार आलेख एकाच कागदावर काढा.

दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. काचेच्या बरणीत तळ्याचे हिरवे पाणी घेऊन ती खिडकीत ठेवा. वैश्विक दर्शक कागदाने सकाळी सात, दुपारी बारा, तीन आणि सायंकाळी सहा वाजता सामू तपासा. तशीच दुसरी बरणी काळ्या कागदात गुंडाळून तिचाही सामू मोजा. चार दिवसांच्या नोंदी समोर ठेवून फरकाचे कारण लिहा. प्रयोग संपल्यावर बरण्यांतील पाणी व प्राणी नदीत किंवा विहिरीत टाकू नका. ते कोरड्या मातीत ओता.

थोडा विचार करा

१) ३० अंशांना रोटिफर अधिक लवकर वाढत असले, तरी केंद्रातील माणूस तापमान २५ अंशांवरच ठेवतो. त्याची कोणती दोन कारणे असू शकतील?

२) टाकीतील पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, तरी मोइना मरत आहेत. काय काय तपासाल, आणि कोणत्या वेळी?

३) आर्टेमियाची पिले निघाल्यावर २० तासांनी दिली, तर माशाच्या पिलाचे कोणते नुकसान होईल?

४) तुमच्या गावाजवळच्या तळ्यातील पाणी पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात एकेकदा भिंगाखाली पाहा. कोणते प्राणी कोणत्या ऋतूत दिसतात याची वही ठेवा.

'चांगले पाणी' असा एकच ठरीव आकडा नसतो, हे यावरून तुमच्या ध्यानात आले असेल. तापमान वाढवले की पिढ्या वाढतात, पण ऑक्सिजन घटतो. शैवल वाढले की अन्न वाढते, पण दुपारचा सामू चढतो. एक गोष्ट हलवली की बाकीच्या साऱ्या हलतात. त्यांचा मेळ साधून ठरल्या दिवशी ठरला घास तयार ठेवणे, यातच मत्स्यबीज केंद्राचे कौशल्य आहे. दीड मिलिमीटरच्या त्या जिवाला वाट पाहायला वेळ नसतो.